टिर्झेपेटाइडचं पेन पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

गेल्या काही महिन्यांत असा फोन आठवड्याला एखादा तरी येतोच. "ताई, तुम्ही ते आठवड्याचं इंजेक्शन घेता ना? मलाही डॉक्टरांनी लिहून दिलंय. खूप दुखतं का हो?"

दुखत नाही. सुई केसासारखी बारीक असते. पण सगळे सुईबद्दलच विचारतात आणि जेवणाबद्दल कोणीच विचारत नाही, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले. या औषधाने भूक जाते. भूक गेल्यावर आपण काय आणि किती खातो, त्यावरच पुढे चरबी उतरणार की अंगातली ताकद, हे ठरतं.

मी पुण्यात सिंहगड रोडला राहते. वय ४९, डायबेटिस नऊ वर्षांचा. सुरुवात केली तेव्हा वजन ९१ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.६. तेरा महिन्यांनी आज वजन ७६ आणि एचबीए१सी ६.३ आहे. हे माझे आकडे, तुमचे वेगळे येतील. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं आणि बाकीच्या गोळ्या कमी-जास्त करणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम.

हे औषध आहे तरी काय

आधी एक गैरसमज काढून टाका. हे इन्सुलिन नव्हे. "इंजेक्शनवर गेली म्हणजे आता संपलंच," असं माझ्या सासूबाईंनाही वाटलं होतं.

जेवलं की आतड्यातून जीएलपी-१ आणि जीआयपी नावाची दोन हार्मोन्स रक्तात येतात. रक्तातली साखर वाढलेली असेल तर ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. जीएलपी-१ शिवाय जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि पोट भरल्याचं मेंदूला कळवतं. शरीरातलं हे जीएलपी-१ दोनेक मिनिटांतच निम्मं होऊन जातं. टिर्झेपेटाइड दोन्ही हार्मोन्सची कामं करतं, आणि ते निम्मं व्हायला सुमारे पाच दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदाच घ्यायचं. त्याच्याच नात्यातलं सेमाग्लुटाइड फक्त जीएलपी-१ चं काम करतं.

दुकानात टिर्झेपेटाइड 'माउंजारो' या नावाने मिळतं. एली लिलीने ते भारतात मार्च २०२५ मध्ये बाटलीत आणलं आणि त्याच वर्षी पुढे पेनही आलं. सेमाग्लुटाइडची मूळ कंपनीची इंजेक्शनं म्हणजे वेगोवी आणि ओझेम्पिक. पुढचं पेनचं वर्णन माउंजारोचं आहे. तुमचं पेन दुसरं असेल तर त्याच्या खोक्यातला कागद वाचा, कारण प्रत्येकाची रीत वेगळी असते.

हे कोणासाठी, कोणासाठी नाही

टाइप २ डायबेटिस असलेल्यांसाठी आहे. केवळ वजनासाठी द्यायचं तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ३० किंवा त्याहून जास्त हवा, किंवा निदान २७ असून सोबत बीपी, कोलेस्टेरॉल असं काही तरी हवं. लग्नाआधी सहा किलो उतरवायचे म्हणून हे घेऊ नका.

टाइप १ डायबेटिस, गरोदरपण किंवा मूल होऊ देण्याचा विचार, स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज, घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. तरुण मुलींसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती बऱ्याचदा सांगायची राहते. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरुवातीचे चार आठवडे, आणि पुढे प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे, दुसरं साधन वापरायचं.

लिहून घ्यायचं ते डायबेटिसच्या तज्ज्ञांकडून किंवा एमडी मेडिसिन डॉक्टरांकडून. सुरू करण्याआधी माझ्या या तपासण्या झाल्या: एचबीए१सी, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हर, लिपिड, थायरॉइडसाठी टीएसएच, पोटाची सोनोग्राफी आणि डोळ्यांचा पडदा. सोनोग्राफी पित्ताशयातले खडे बघायला, कारण वजन भराभर उतरलं की खडे होण्याची शक्यता वाढते. डोळ्यांची तपासणी टाळू नका. साखर एकदम खाली आली की पडद्याचा जुना त्रास काही जणांना वाढतो.

आणि साखरेची ग्लिमेपिराइड नावाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पहिल्याच भेटीत विचारा, "याचा डोस कमी करायचा का?" नुसत्या टिर्झेपेटाइडने साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनच्या जोडीने जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड जाणवली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी साखर मोजा.

विकत घेताना

मार्च २०२५ मध्ये २.५ मि.ग्रॅ.ची एक बाटली ३,५०० रुपयांना आणि ५ मि.ग्रॅ.ची ४,३७५ रुपयांना आली होती. महिन्याला अशा चार लागतात. त्यानंतर बाजार बराच हलला आहे. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, "मला वर्षभर परवडेल असं यातलं कोणतं?" तीन महिने महागडं औषध घेऊन पैशांअभावी सोडण्यापेक्षा हा प्रश्न आधी विचारलेला बरा. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

ओळखीच्या केमिस्टकडून, चिठ्ठी दाखवून, बिल घेऊन घ्या. जिममधला ट्रेनर, पार्लर, व्हॉट्सअॅप ग्रुपवरची "मॅडम, निम्म्या भावात देते", इथून काहीही घेऊ नका. माझ्या चुलत वहिनीने असंच घेतलेलं पेन मला आणून दाखवलं. खोक्यावर बॅच नंबरच नव्हता. मी तिला ते टोचू दिलं नाही.

माझंही एकदा चुकलं. मे महिन्यात एका ऑनलाइन दुकानातून पेन मागवलं. दुपारी तीनला डबा आला तेव्हा आतली जेलची पिशवी पार वितळून कोमट झाली होती. पेन वरून अगदी चांगलं दिसत होतं. पण बिघडलेलं औषध बघून ओळखता येत नाही. मी ते परत केलं आणि तेव्हापासून स्वतः थर्मासची पिशवी घेऊन दुकानात जाते.

घरी ठेवायचं कसं

न वापरलेलं पेन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. दारात नको, फ्रीजरच्या खाली चिकटून तर अजिबात नको. गोठलेलं औषध वितळलं तरी वाया गेलेलंच. आमच्याकडे मधल्या कप्प्यात एका स्टीलच्या डब्यात असतं, वर लेकीने मोठ्या अक्षरात 'आई – औषध' असं चिकटवलंय.

वापरायला काढलेलं पेन ३० अंशांच्या खाली बाहेरही चालतं, पण ३० दिवसच. थंडीत ठीक. मार्च ते मे पुण्यातलं घर दुपारी ३० च्या वर जातंच, तेव्हा फ्रिजच बरा. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर घाबरू नका. फ्रिजचं दार उघडू नका, आतला गारवा काही तास टिकतो. प्रवासात गाडीच्या डिकीत ठेवू नका, विमानात हातातल्या बॅगेत ठेवा.

टोचायचा दिवस

वार ठरवा. माझा शनिवार, रात्री नऊनंतर. सुरुवातीला मळमळ बहुतेक दुसऱ्या दिवशी जाणवायची आणि रविवारी घरीच असते, एवढंच त्यामागचं कारण. कालनिर्णयवर प्रत्येक शनिवारी गोल करून ठेवलाय. टोचलं की त्यावर फुली. बारीक गोष्ट वाटते, पण "गेल्या शनिवारी घेतलं होतं की नाही?" हा प्रश्न तिसऱ्याच आठवड्यात पडतो.

पहिल्या शनिवारी लेक समोर बसली होती आणि माझे हात कापत होते. ती कागद वाचत गेली आणि मी करत गेले. तसंच सांगते.

पेन फ्रिजमधून काढा, नाव आणि मि.ग्रॅ. वाचा. हात धुवा. टोपण सरळ ओढून काढा. औषध पाण्यासारखं किंवा अगदी हलकं पिवळसर दिसायला हवं. गढूळ असेल तर थांबा. टोकाचं लाल रबर स्पिरिटच्या कापसाने पुसा. नवी सुई सरळ दाबून फिरवत घट्ट बसवा. बाहेरची मोठी टोपी काढून बाजूला ठेवा, ती नंतर लागते. आतली बारीक टोपी काढून टाका.

आता मागचं बटण दोन टिकटिक ऐकू येईपर्यंत हळू फिरवा. सुई वर धरा, पेनवर टिचकी मारा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर जातात. बटण पूर्ण दाबून मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. सुईच्या टोकाशी औषध दिसायला हवं. हे दर वेळी करायचं. मग बटण अडेपर्यंत फिरवा, खिडकीत १ दिसेल. इथे बरेच जण गोंधळतात. हा १ म्हणजे एक मि.ग्रॅ. नव्हे, तुमचा त्या आठवड्याचा पूर्ण डोस. टिकटिक मोजून अर्धा डोस घ्यायचे उद्योग करू नका.

पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून, किंवा मांडीवर. दंडाच्या मागे घ्यायचं तर दुसऱ्याने द्यावं. सुई सरळ आत घाला, बटण पूर्ण दाबा, दाबूनच ठेवा आणि पुन्हा सावकाश पाच मोजा. खिडकीत ० आलं की सुई बाहेर. टोकावर एखादा थेंब दिसला तर औषध सांडलं असं समजू नका, तेवढं चालतं. त्या दिवशी सुई बाहेर आली तेव्हा लेक म्हणाली, "आई, झालंसुद्धा?" मला कळलंही नव्हतं.

दर आठवड्याला जागा बदला. सुई पेनला लावून ठेवू नका. एका पेनमध्ये चार डोस असतात. चार झाल्यावर आत थोडं औषध उरलेलं दिसतं, डोसाआधी दर वेळी बटण दाबून थोडं औषध सोडतो ना, त्यासाठी ते जास्तीचं धरलेलं असतं. सिरिंजने काढून पाचवा डोस करू नका. आणि नवरा-बायकोने सुई बदलून एकच पेन वापरणं, हेही नाही.

डोस विसरलात? चार दिवस उलटले नसतील तर आठवताक्षणी घ्या. उलटले असतील तर तो सोडा, पुढच्या ठरल्या वारी घ्या. दोन एकदम कधीच नाही. वार बदलायचा असेल तर दोन डोसांमध्ये निदान तीन दिवस जाऊ द्या.

डोस चढवण्याची घाई नको

सुरुवात २.५ मि.ग्रॅ.ने, चार आठवडे. हा डोस शरीराला सवय लागावी म्हणून असतो, त्यात वजन हललं नाही तर निराश होऊ नका. मग ५. पुढे गरज असेल तरच, निदान चार-चार आठवड्यांनी २.५ ने वाढ. कमाल १५. मी साडेसातवर थांबले आहे आणि डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटत नाही. "तू अजून साडेसातवरच?" असं शेजारणीने विचारलं तर विचारू दे.

अपेक्षा किती धरायची? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डायबेटिस नसलेल्यांचं वजन ७२ आठवड्यांत ५ मि.ग्रॅ.वर सरासरी १५ टक्के आणि १५ मि.ग्रॅ.वर जवळपास २१ टक्के उतरलं. डायबेटिस असलेल्यांच्या चाचणीत १५ मि.ग्रॅ.वर हा आकडा १४.७ टक्के होता. म्हणजे आपलं थोडं कमीच उतरतं. शेजारच्या घराशी तुलना करून रडू नका.

ताट

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आला होता, शेजारी त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या लोकांची ठेवण त्यांनी स्वतःचंच उदाहरण देऊन दाखवली.

आता हे या औषधाशी जोडून बघा. टिर्झेपेटाइडने जे वजन उतरतं, त्यातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायू येतात. ज्यांच्याकडे मुळात स्नायूंची शिल्लक कमी, त्यांनी ती अशी घालवली तर काटा खाली जाईल आणि जिना चढताना गुडघे थरथरतील. मला हे चौथ्या महिन्यात कळलं. आठ किलो उतरले होते, सगळ्या कौतुक करत होत्या, आणि मला पाण्याची कळशी ओट्यावर चढवता येईना. दिवसभरात काय खाते ते लिहून काढलं: सकाळी चहा आणि दोन खारी, दुपारी अर्धी पोळी-भाजी, रात्री ताकभात. भूकच नव्हती, म्हणून तेवढ्यावर भागत होतं. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "यात प्रोटीन कुठंय?"

तेव्हापासून ताटाचा क्रम उलटा केला. आधी प्रोटीन, मग भाजी-कोशिंबीर, पोळी-भात शेवटी, पोटात जागा उरली तर. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम किंवा थोडं जास्त प्रोटीन, असं मला सांगितलं आहे. किडनीचा त्रास असलेल्यांनी हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. आपल्या घरात ते कुठून येतं? अंड्यातून सहा ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. सुक्या सोयाबीन वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर, त्यामुळे मूठभर वड्या भिजवून भाजीत घातल्या तरी फरक पडतो. मोडाची मटकी, मूग, हरभऱ्याची उसळ, पिठलं, चक्का, मासे, चिकन. पातळ वरणात मात्र आपण समजतो तेवढं नसतं, वाटीभर घट्ट आमटी वेगळी आणि भातावरचं साधं वरण वेगळं.

माझा सध्याचा दिवस: सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं, त्यात किसलेलं पनीर. दुपारी वाटीभर उसळ, कोशिंबीर, एक भाकरी. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि ताक. रात्री सोयाबीन किंवा मासे, आठच्या आत. पोट हळू रिकामं होतं, उशिरा जेवलं तर सकाळपर्यंत आंबट ढेकर येतात.

व्यायामही करा, आणि नुसतं चालणं पुरत नाही. तळजाईच्या टेकडीवर रोज चालायला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीचेही स्नायू उतरलेच. खुर्चीवरून हात न टेकवता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, रबरी पट्टा ओढणं, आठवड्यातून तीनदा. टेकडीची आवड असेल तर चढावर जा. पर्वतीच्या पायऱ्या आता मी न थांबता चढते, आणि वजनकाट्यापेक्षा मला त्याचा आनंद जास्त आहे.

मळमळ, बद्धकोष्ठ आणि सणवार

मळमळ बहुतेकांना होते, विशेषतः डोस वाढवल्यावर. थोडं थोडं खा, तळलेलं टाळा, पोट भरल्यासारखं वाटलं की घास खाली ठेवा. शेवटचे दोन घास "टाकायचे कशाला" म्हणून खाण्याची आपल्या बायकांची सवय इथे फार महागात पडते. ५ मि.ग्रॅ. सुरू करून तीनच दिवस झाले होते आणि भाचीचं लग्न होतं. आग्रहाने दोन जिलब्या, मसालेभात, वर मठ्ठा. रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत उलट्या. त्या आठवड्यात पंगतीत अर्धा घास आणि "डॉक्टरांनी मना केलंय" एवढं पुरतं.

बद्धकोष्ठावर पाणी, भाज्या, रात्री इसबगोल. तरीही जमत नसेल तर आठवडाभर कळ काढू नका, सांगा.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च, तूप आणि शेंगदाणे. पोटात दगडासारखी बसते. उपास करायचाच असेल तर दही, राजगिरा, ताक घ्या आणि पाणी सोडू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय उपास धरू नये. गणपतीत उकडीचा एक मोदक मी खाते, जेवणानंतर नाही, जेवणाऐवजीही नाही, दुपारी चारला.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

पोटात वरच्या बाजूला तीव्र, न थांबणारी कळ, पाठीकडे जाणारी, उलट्यांसह असो वा नसो, ही स्वादुपिंडाची सूज असू शकते. "गॅस झाला असेल" म्हणून ओवा खात बसू नका. इंजेक्शन बंद करा आणि लगेच हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८. उजव्या बरगडीखाली दुखून ताप, डोळे पिवळे, दिवसभर पाणीही न ठरणं आणि लघवी कमी होणं, अचानक धूसर दिसणं, यांनाही वाट बघायची नाही. कुठलीही शस्त्रक्रिया, अगदी एंडोस्कोपी किंवा मोतीबिंदू असला तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू आहे हे सांगा. पोटात अन्न उरलेलं असू शकतं.

सोडायचं असेल तर

मनाने सोडू नका. एका चाचणीत ३६ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरलेल्यांपैकी ज्यांचं औषध थांबवलं, त्यांचं पुढच्या वर्षभरात सरासरी १४ टक्के परत वाढलं. यात त्यांची इच्छाशक्ती कमी पडली असं काही नाही. बीपीची गोळी सोडली की बीपी चढतं, तसंच हे. खर्च, बदली, आजारपण, कारण काहीही असो, आधी डॉक्टरांशी बोला. साखरेच्या दुसऱ्या गोळ्या पुन्हा लागतील का, डोस उतरवत जायचं का, हे बसून ठरवता येतं.

वापरलेली सुई

मोठी टोपी बसवून सुई फिरवून काढा आणि जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. कपडे धुण्याच्या लिक्विडची रिकामी बाटली उत्तम. ती घरच्या कचऱ्यात द्यायची नाही. आमच्या सोसायटीत कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात आणि ओला-सुका कचरा हाताने निवडतात. मागे एकदा कोणाच्या तरी पिशवीतली सुई त्यांच्या बोटात गेली. कोणाची होती ते कळलं नाही, आणि त्यांना रक्ताच्या तपासण्यांसाठी कामावर खाडे करून हेलपाटे घालावे लागले. तेव्हापासून माझी बाटली भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करते, वर लाल पेनने 'सुया' लिहिते आणि डॉक्टरांच्या भेटीला जाताना त्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडे देते. तुमच्या दवाखान्यात घेतात का, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.